दिव्यांग विद्यार्थ्याला प्रत्येक सोय नव्याने मागावी लागू नये, यासाठी महाविद्यालयाने काय करावे

आपला प्रश्न मी असा समजले आहे. आपण तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात शिकवता आणि यंदा प्राचार्यांनी दिव्यांग कक्षाचे समन्वयकपद आपल्याकडे सोपवले आहे. नोंदीप्रमाणे महाविद्यालयात १४ दिव्यांग विद्यार्थी आहेत. रॅम्प आहे, व्हीलचेअर आहे, विद्यापीठाच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. तरीही गेल्या दोन वर्षांत ४ विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडून गेले. निधी फारसा नसताना आणखी काय करता येईल, असे आपण विचारले आहे.

मी हेच काम विद्यापीठाच्या समान संधी कक्षात बरीच वर्षे पाहत आले आहे आणि त्याआधी महाविद्यालयात शिकवत होते, त्यामुळे दोन्ही बाजूंची अडचण मला माहीत आहे. आपल्या वर्णनावरून मला असे दिसते की महाविद्यालयाची तयारी प्रवेशाच्या दिवसापुरती आणि परीक्षेच्या दिवसांपुरती आहे. त्या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे रोजचा तास, ग्रंथालय, प्रात्यक्षिक, अंतर्गत चाचणी, प्रकल्प, सहल या सगळ्यांत, विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन मागावी लागते आणि प्रत्येक वेळी नव्या माणसासमोर आपले अपंगत्व पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. सत्र बदलले की शिक्षक बदलतात आणि हे सगळे पुन्हा सुरू होते. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हे किती दिवस करील? काही जण मागणे सोडून देतात, मग वर्गात येणे सोडतात, आणि हजेरीपटावर ती गैरहजेरी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अर्थात आपले ४ विद्यार्थी याच कारणाने गेले असे मी इथून सांगू शकत नाही. घरची परिस्थिती, एस.टी.ची वेळ, वसतिगृहात जागा न मिळणे, मुलीच्या बाबतीत लग्न, अशी कारणेही असतात. म्हणून पहिले काम हेच करावे की त्या चौघांना स्वतः फोन करावा. कार्यालयातून पत्र पाठवू नये. का सोडले, एवढेच विचारून थांबू नये. शेवटी वर्गात कधी आलात आणि त्या आठवड्यात काय झाले होते, असे विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते. ज्यांची परत येण्याची इच्छा असेल, त्यांचे जमा झालेले श्रेयांक आणि पुनर्प्रवेशाचे नियम परीक्षा विभागाकडून तपासून द्यावेत.

दुसरी गोष्ट, १४ हा आकडा अपुरा असण्याची शक्यता फार मोठी आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून किमान ५ टक्के झाले. तरी बहुतेक प्रवेश अर्जांवर आणि आपल्या सर्वांच्या मनात अजूनही अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग हेच तीन रकाने आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), मानसिक आजार आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखे रक्ताचे आजार हे सगळे नव्या कायद्यात आहे. शिवाय आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, पण वर्गातल्या सोयीसाठी तीच अट लावणे योग्य नाही. लेखनात अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये (विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग) स्पष्ट केले की ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. ज्याचे प्रमाणपत्र ३० टक्क्यांचे आहे, त्या मुलालाही फलक दिसत नसेल तर दिसत नाहीच.

आता मुख्य उपाय. प्रवेश झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याशी अर्धा-पाऊण तास शांतपणे बोलावे, शक्यतो पालकांना बाहेर बसवून, कारण पालक समोर असले की उत्तरे तेच देतात. अपंगत्व किती टक्के आहे हे प्रमाणपत्रावर लिहिलेले असतेच; आपण कामाचे प्रश्न विचारावेत. तू वाचतोस कसा, स्वतः, मोबाइलवर ऐकून की कोणाकडून वाचून घेऊन? सलग किती वेळ लिहू शकतोस? घरून वर्गापर्यंत कसा पोहोचतोस आणि त्यात अवघड जागा कोणती? बारावीपर्यंत कोणत्या शिक्षकांची कोणती पद्धत उपयोगी पडली? मुलांना सहसा ‘काही अडचण नाही, सर’ असे म्हणण्याची सवय असते, म्हणून पद्धत विचारली की ती मोकळेपणाने बोलतात.

या बोलण्यातून एक पानाचे पत्र तयार करावे, त्यावर प्राचार्यांची सही घ्यावी आणि ते त्या विद्यार्थ्याच्या सर्व शिक्षकांना, ग्रंथपालांना, प्रयोगशाळा सहायकांना आणि परीक्षा विभागाला कक्षानेच पाठवावे. अल्पदृष्टी असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या पत्रात साधारण असा मजकूर असतो: ‘विद्यार्थिनीला पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसू द्यावे. फलकावर लिहिलेले मोठ्याने वाचावे. “हे इथे घ्या, ते तिथे मांडा” असे न म्हणता संख्या आणि चिन्हे उच्चारावीत. टिपणे तासाच्या आदल्या दिवशी युनिकोडमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावीत. अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका १८ पॉइंट अक्षरात छापावी आणि तासाला २० मिनिटे जादा द्यावीत.’ या पत्रात आजाराचे नाव किंवा टक्केवारी असू नये. शिक्षकाला सोय कळणे पुरेसे आहे. विशेषतः मानसिक आजाराच्या बाबतीत निदान विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय कक्षाबाहेर जाता कामा नये. दर सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्याशी बोलून पत्र बदलावे, कारण विषय बदलले की गरजाही बदलतात. भूगोलाला नकाशे आले, मानसशास्त्राला प्रात्यक्षिके आली, सांख्यिकीला आलेख आले की गेल्या सत्राचे पत्र पुरत नाही.

एवढ्याने बरेच काम होते, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांमध्ये वाईट हेतू फार क्वचित असतो. त्यांना नेमके काय करायचे ते माहीत नसते आणि विचारायला संकोच वाटतो. पत्र आले की तो संकोच दोन्ही बाजूंनी संपतो.

वाचनसाहित्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण मराठी माध्यमात शिकणारे अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त अडतात आणि हा दोष बाहेरून अजिबात दिसत नाही. आपल्याकडे प्राध्यापकांची टिपणे, विभागाच्या प्रश्नपेढ्या, कार्यालयाच्या सूचना अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. डोळ्याला ते देवनागरी दिसते, पण संगणकात साठवलेली अक्षरे रोमनच असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या कळांनी उमटतो. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्या फाइलवर चालवले, तर विद्यार्थ्याच्या कानावर ‘मराठी’ येत नाही, ही रोमन अक्षरे येतात आणि पूर्ण पान असेच निरर्थक वाचले जाते. प्राध्यापक म्हणतात की मी तर सॉफ्ट कॉपी दिली होती, आणि विद्यार्थी म्हणतो की मला काही मिळाले नाही. दोघेही खरे बोलत असतात. आपल्या महाविद्यालयात एक परिपत्रक काढून पुढचे सर्व टंकलेखन युनिकोडमध्ये (ज्यात देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवली जातात) करायला लावले आणि जुनी टिपणे फाँट परिवर्तकातून काढून घेतली, तर त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, त्या डोळस माणसाने एकदा तपासाव्या लागतात.

दुसरा प्रकार मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांचा आणि स्कॅन केलेल्या पीडीएफचा. तेही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नुसते चित्र असते. छापील मराठी पानाचे असे चित्र गूगल ड्राइव्हच्या साहाय्याने टंकलेल्या मजकुरात आणता येते. जुनी, पिवळी पडलेली पुस्तके मात्र हाताने दुरुस्त करावी लागतात. या कामासाठी राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक उत्तम. त्यांना वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून यातला काही भाग संदर्भग्रंथ दुरुस्त करण्याकडे वळवता येतो. पुस्तक रूपांतरित करणे म्हणजे प्रकाशकाचा हक्क डावलणे, अशी भीती ग्रंथपालांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत तयार करण्याची मुभा आहे, हे त्यांना दाखवावे. प्रत त्याच विद्यार्थ्यांपुरती राहील आणि त्यातून नफा कमावला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. एखादे पुस्तक आधीच सुलभ स्वरूपात आहे का, हे सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात पाहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील एक्सआरसीव्हीसी हे संसाधन केंद्र आणि पुण्याची निवांत अंध मुक्त विकासालय ही संस्था यांनी या क्षेत्रात मोठे काम केले आहे. आपल्याला प्रशिक्षण किंवा सल्ला हवा असेल तर अशा संस्थांशी बोलावे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी इतक्या खात्रीने सोपे उपाय सांगू शकत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषा रोज वर्गात असणे हे योग्य उत्तर आहे आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला ते आज परवडत नाही. मोबाइलवरील लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखी अ‍ॅप मराठी बोलणे अक्षरांत उमटवतात. शिक्षकाने कॉलर माइक लावला आणि वर्ग शांत असेल तर त्यांचा उपयोग होतो, पण पारिभाषिक शब्द आले की ती चुकतात. त्यामुळे तासाच्या सुरुवातीला त्या दिवसाचे मुद्दे आणि नवे शब्द फलकावर लिहिणे, फलकाकडे तोंड करून न बोलणे आणि चांगली वही असलेल्या एका सहाध्यायाची टिपणे रोज झेरॉक्स करून देणे, या तीन गोष्टी तरी नियमित व्हाव्यात. आणखी एक बाब शिक्षकांच्या ध्यानात आणून द्यावी. जी मुले सांकेतिक भाषेत वाढली, त्यांच्यासाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांच्या उत्तरपत्रिकेत विभक्ती आणि क्रियापदे चुकतात म्हणून विषय कळला नाही असे समजू नये. अंतर्गत मूल्यमापनात तरी आशयाला गुण द्यावेत.

आपण विदर्भातले किंवा नंदुरबार-धुळ्याकडचे असाल, तर सिकलसेलकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथे हे विद्यार्थी अनेक महाविद्यालयांत असतात आणि दिव्यांगांच्या यादीत जवळजवळ कुठेच नसतात. बाहेरून मुलगा धडधाकट दिसतो, पण वेदनेचा झटका आला की आठवडाभर अंथरुणातून उठू शकत नाही. थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी तो झटका येऊ शकतो. अशा मुलाला ७५ टक्के हजेरीचा नियम सरसकट लावला, तर आपण त्याच्या आजाराची शिक्षा त्याला देत असतो. त्याच्या पत्रात लिहावे की वैद्यकीय कारणाने बुडालेली चाचणी पुन्हा घेतली जाईल, वर्गात पाण्याची बाटली ठेवता येईल, क्रीडा आणि सेवा योजनेच्या श्रमदानात त्याला हलके काम दिले जाईल आणि झटक्याच्या वेळी कोणाला फोन करायचा. यात महाविद्यालयाचा एक रुपयाही खर्च होत नाही.

परीक्षेला लेखनिक देता, हे चांगलेच आहे. तो कसा देता, हेही पाहावे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक स्वतः आणण्याची किंवा संस्थेकडून घेण्याची निवड विद्यार्थ्याला दिली होती, संस्थेने लेखनिक दिला तर दोन दिवस आधी भेट घडवावी असे म्हटले होते आणि तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ सांगितला होता. या सूचना नंतर बदलत आणि वाढत गेल्या आहेत, म्हणून सध्या लागू असलेली प्रत आणि आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक दोन्ही कक्षात ठेवावे. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी, की परीक्षेच्या सकाळी अकरावीतले एखादे मूल पकडून आणले जाते, त्याला अर्थशास्त्राचा आलेख किंवा ग्रीक चिन्हे ठाऊक नसतात, आणि विद्यार्थ्याचा निम्मा वेळ अक्षरे सांगण्यात जातो. सत्राच्या सुरुवातीलाच पंधरा-वीस लेखनिकांची यादी करावी, त्यांना एक तास प्रशिक्षण द्यावे आणि अंतर्गत चाचणीलाही तीच जोडी बसवावी, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत दोघांना एकमेकांची सवय होते. ज्यांना टंकन येते त्यांना संगणकावर उत्तरे लिहिण्याची परवानगी मिळवून द्यावी. लेखनिकाच्या शुद्धलेखनावर अवलंबून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगले, आणि पुढे नोकरीतही तेच कामी येते. वेळापत्रकावरही नजर ठेवावी. सकाळी १० ते १ चा पेपर भरपाई वेळेसह २ वाजता संपतो. त्याच दिवशी २ वाजता दुसरा पेपर असेल तर त्या मुलाला जेवायलाही वेळ राहत नाही.

जादा वेळ दिल्याने इतरांवर अन्याय होतो, असा आक्षेप आपल्याला स्टाफरूममध्ये ऐकायला मिळेल. त्याला उत्तर असे की प्रश्न तेच आहेत आणि गुणदानाचे निकषही तेच आहेत. वेळ फक्त लिहिण्या-वाचण्याच्या संथपणाची भरपाई करतो. याच्या उलट एक प्रवृत्ती मला अधिक घातक वाटते. ‘बिचारा अंध आहे, अंतर्गत गुण देऊन टाका’ असे म्हणून काही शिक्षक कामच घेत नाहीत. त्या मुलाला पदवी मिळते आणि स्पर्धा परीक्षेला बसल्यावर कळते की आपल्याला कोणी काही शिकवलेच नव्हते. प्रकल्प द्यावा, तो तपासावा, चुका दाखवाव्यात आणि वाईट असेल तर पुन्हा करायला लावावा. हा त्याचा हक्क आहे.

रॅम्पबद्दल थोडेच लिहिते. मोजपट्टी घेऊन जा आणि उतार तपासा. तो १:१२ पेक्षा तीव्र असू नये. म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला किमान ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी घाईत बांधलेले अनेक रॅम्प याच्या निम्म्याही लांबीचे नसतात आणि त्यांवरून खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागतो, स्वतः चालवणाऱ्याला तर चढताच येत नाही. व्हीलचेअर कुठे ठेवली आहे आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हेही पाहावे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर त्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर आणावेत; वेळापत्रक समितीला ते कटकटीचे वाटते, पण अशक्य मुळीच नसते. आणि स्वच्छतागृह. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण त्यांना वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही. हे त्या स्वतःहून सांगत नाहीत. महिला सहकाऱ्याने विचारावे आणि दाराची रुंदी, पकडायचा दांडा, आतली कडी या गोष्टी आधी करून घ्याव्यात.

निधीचे म्हणाल, तर वरच्यापैकी बहुतेक कामांना आदेश लागतो, पैसा कमी लागतो. जिथे पैसा लागतोच, तिथे आपल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जावे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती कशावर खर्चावी हा प्रश्न त्यांनाही पडलेला असतो. ठराविक विद्यार्थ्यांची नावे, गरज आणि दरपत्रके जोडून प्राचार्यांच्या सहीने अर्ज दिला, तर हेडफोन, स्कॅनर, व्हीलचेअरची दुरुस्ती एवढ्या गोष्टी त्यातून होऊ शकतात. अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच अर्ज द्यावा. महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी) नोंदणी कक्षातल्या संगणकावर, कोणाला तरी शेजारी बसवून भरून घ्यावी. अंध विद्यार्थ्याला अशा संकेतस्थळांवरचा कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून लिहिण्याची चाचणी, अनेकदा भरता येत नाही आणि नेट कॅफेवाला आधारचा ओटीपी घेऊन काय करतो हे त्याला कळत नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या कामाबद्दल. समन्वयकपद बहुधा एक-दोन वर्षांत दुसऱ्याकडे जाते आणि मागचे सगळे विसरले जाते. म्हणून प्राचार्यांकडून आताच लेखी आदेश घ्यावा. त्यात कक्षाला आठवड्यातले दोन तास कार्यभारात धरले जातील, कार्यालयातील एक लिपिक कक्षाशी जोडलेला राहील, प्रत्येक सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थ्यांची पत्रे निघतील आणि पद सोडताना ती सर्व कागदपत्रे पुढच्या समन्वयकाला सहीनिशी सुपूर्त होतील, असे लिहून घ्यावे. कक्षाच्या समितीत किमान दोन दिव्यांग विद्यार्थी असावेत, त्यांतली एक मुलगी असावी, आणि बैठक तळमजल्यावरच घ्यावी.